कंडक्टर पोवारबाई आणि कंपनीचा कर

पाचव्या सेमिस्टरच्या ऐच्छिक विषयांची यादी लॉ कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागली तेव्हा संयोगिता पोवारनं विषयांची नावं वाचलीच नाहीत. तिनं फक्त वेळा वाचल्या. मानवी हक्क, अकरा वाजता. बँकिंग कायदा, बारा वाजता. विमा कायदा, तोही बारालाच. सगळ्यांत खालच्या ओळीत सकाळी साडेसात ते साडेआठ अशी वेळ होती. तिची ड्यूटी दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायची. तिनं अर्जावर त्या ओळीसमोर खूण केली आणि कागद खिडकीतून आत सरकवला.

क्लार्कनं चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "कॉर्पोरेट करआकारणी. नक्की?"

"साडेसातला हाय न्हवं?"

"हाय."

"मग नक्की."

संयोगिता एसटीत कंडक्टर. वय एकोणचाळीस. नोकरीला तेरा वर्षं झाली होती, त्यातली आठ कोल्हापूर–गारगोटी मार्गावर. कोल्हापुरातल्या संभाजीनगर स्टँडवरनं सुटायचं, इस्पुर्ली, बिद्री, मुदाळतिट्टा करत गारगोटी गाठायची, तिथं पाऊण तास थांबायचं आणि परत. त्या रस्त्यावरच्या निम्म्या माणसांना ती नावानं ओळखायची, आणि उरलेल्या निम्म्यांना ती नावानं माहीत होती.

वकिलीचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते संपात. दोन हजार एकवीसच्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि लांबत गेला. रोज स्टँडबाहेर मांडवात बसायचं. कुणीतरी कोर्टाच्या आदेशांच्या झेरॉक्स आणायचं आणि त्या संयोगिताच्या हातात यायच्या, कारण बाहेरून का होईना, तिनं बीए केलेलं होतं. "वाच गं, काय म्हणतंय ते सांग," एवढंच सगळ्या म्हणायच्या. ती एकदा वाचायची, काही कळायचं नाही. दुसऱ्यांदा वाचायची, थोडं कळायचं. तिसऱ्यांदा वाचताना मजा यायला लागायची. आठ ओळींचं एक वाक्य, पण त्यातला 'परंतु' कुठं आहे तो सापडला की आख्खं वाक्य कुलूप निघाल्यासारखं उघडायचं. संप मिटला, गाड्या सुरू झाल्या, पण ती मजा काही डोक्यातनं जाईना. मग तिनं सीईटी दिली आणि तीन वर्षांच्या एलएलबीला नाव घातलं.

नवरा उदयसिंह शिरोली एमआयडीसीत लेथवर होता. बोलायला कमी आणि ऐकायला बरा. त्यानं एकदाच विचारलं, "वकील होऊन करायचं काय?"

"ते अजून ठरलं न्हाय."

"बरं. मग सकाळचा डबा मी लावतो. भाकरी तेवढी तू करून ठेव." विषय तिथंच संपला.

साडेसातच्या वर्गात पहिल्या दिवशी चारच डोकी होती. दोन मुलं सीएचीही तयारी करणारी, सदा मोबाइलवर आकडे मारणारी. तिसरी प्रेरणा, तेवीस वर्षांची. तिच्या वडिलांची उद्यमनगरात छोटी फाउंड्री होती, तीही प्रायव्हेट लिमिटेड, म्हणून तिनं हा विषय घेतला होता. आणि चौथी संयोगिता, खाकी ड्रेस पिशवीत घालून आलेली.

शिकवायला हिरेमठ सर. राजशेखर हिरेमठ मूळचे गडहिंग्लजकडचे. कर खात्यापुढं व्यापाऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या केसेस चालवण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेलेली. कॉलेजात ते हौसेनं शिकवायला यायचे. घरी कानडी बोलायचे, त्यामुळं खूश झाले की तोंडातून 'हौदु' निघायचं, म्हणजे 'बरोबर'.

"आयकर कायद्यात कंपनी ही व्यक्ती असते," सरांनी सुरुवात केली. "तिला स्वतःचं उत्पन्न असतं, ती स्वतःचा कर स्वतः भरते. मालक वेगळे, कंपनी वेगळी."

संयोगितानं हात वर केला. "सर, ती जेवत न्हाय, आजारी पडत न्हाय, लग्न करत न्हाय. मग ती व्यक्ती कसली?"

"लग्न करते की. विलीनीकरण म्हणतात त्याला. दोन कंपन्यांची एक होते."

"आणि मरण?"

"तेही आहे. अवसायन. त्याला मात्र माणसापेक्षा जास्त कागद लागतात."

प्रेरणा हसली. संयोगितालाही बरं वाटलं. पण ते बरं वाटणं पहिल्याच आठवड्यात संपलं. पुस्तक इंग्रजी, सहाशे पानांचं. घसारा, वजावट, पुढं ओढलेला तोटा, किमान पर्यायी कर. एका कलमात दुसऱ्याचा हवाला, दुसऱ्यात तिसऱ्याचा, आणि तिसऱ्यात म्हटलेलं की हे कलम अमुक प्रकारच्या कंपनीला लागू नाही. त्यात आणखी एक भर. सरांनी सांगितलं की हा सगळा कायदाच आता नव्यानं लिहिलाय आणि एक एप्रिलपासून कलमांचे नंबर बदलणार. परीक्षा जुन्यावर, वकिली नव्यावर.

महिनाभर ती वर्गात नुसती बसून होती. एका सकाळी घसाऱ्याचा तक्ता बघता बघता तिला चक्क डुलकी लागली. सरांनी काही म्हटलं नाही, हे तिला जास्त लागलं.

"सोड की," उदयसिंह रात्री जेवताना म्हणाला. "दुसरा विषय घे."

"तारीख गेली बदलायची."

"मग नापास हो. पुढच्या वेळी घे."

तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो गप भाकरी मोडायला लागला. तेरा वर्षांत तिच्या हिशेबात एकदाही रुपयाचा फरक आला नव्हता. नापास हा शब्द तिला घरात ऐकायचा नव्हता.

पुढं सप्टेंबरात एक सकाळ अशी आली की तिचं सगळं चित्रच पालटलं. त्या दिवशी सर मोबाइल, पुस्तकं सगळं बाजूला ठेवायला लावून फळ्यापाशी उभे राहिले. "आज एकच गोष्ट शिकवणार. कंपनीकडं पैसा आला आणि तिनं तो दुसऱ्याला दिला. यात दोन प्रकार असतात. एक, पैसा कंपनीचा झाला आणि मग तिनं तो खर्च केला. दुसरा, पैसा तिच्या हातात आला खरा, पण तो कधी तिचा झालाच नाही. वाटेतच तो दुसऱ्याच्या हक्काचा होता. पहिला तिचं उत्पन्न. दुसरा नाही. आता मला उदाहरण द्या. पुस्तकातलं नको."

सीएवाल्या मुलांनी पुस्तकातलंच दिलं. प्रेरणा विचार करत राहिली. संयोगिता मात्र सरांकडं बघत होती, आणि तिला एकदम स्वतःची कातडी पिशवी दिसली.

"सर, मी सांगतो," ती म्हणाली. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. वर्गात कुणाला त्याचं काही वाटत नसे. "माझ्या पिशवीत रोज बारा-पंधरा हजार जमतात. माझ्याच हातात येतात, मीच मोजतो. पण त्यातला एक रुपयाबी माझा न्हाय. पॅसेंजरनं दिला तवाच तो महामंडळाचा झाला. मी फक्त वाटेत हाय. त्याच्यावर मला कर लागायचा न्हाय."

"आणि पहिला प्रकार?"

"माझा पगार. तो खात्यावर पडायच्या आधीच पोरीच्या क्लासची फी ठरलेली असते, सोसायटीचा हप्ता ठरलेला असतो. माझ्या हातात काय राहत न्हाय. पण म्हणून तो माझा न्हाय असं न्हाय म्हणता येत. आधी तो माझा झाला, मग गेला. कर त्याच्यावर."

सरांनी फळ्यापासचा खडू उचलला. मग तो तिच्यापुढं धरून म्हणाले, "हौदु. या, पोवारबाई. हे फळ्यावर लिहा. मी पस्तीस वर्षं हे सांगतोय, पण पिशवीसकट कुणी सांगितलं नव्हतं."

तिनं फळ्यावर पिशवी काढली. बरी नाही आली, पण पिशवी आहे हे कळत होतं.

त्या दिवसापासून पुस्तक तिला घाबरवेनासं झालं. एखादं कलम आलं की ती आधी विचारायची, यात पैसा कुणाचा आणि तो कधी कुणाचा झाला. बाकीचं मग आपोआप जागेवर बसायचं. गारगोटीच्या स्टँडवरच्या त्या पाऊण तासात ती मागच्या सीटवर मांडी घालून वाचायची. घरी मुलगी वर्षाराणी अकरावीचा अभ्यास करता करता आईसाठी प्रश्न काढायची. सरांनी एकदा शिकवलं की मोजक्या भागधारकांच्या कंपनीनं मोठ्या भागधारकाला कर्ज दिलं, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ते लाभांश धरलं जातं. प्रेरणानं घरी जाऊन वडिलांना दम दिला, की घराच्या रंगकामाला कंपनीतनं उचल घेतली असेल तर आत्ताच सांगा. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा म्हणतात, कंपनी माझीच हाय की. मी म्हटलं, कंपनी तुमची, तिचा खिसा तुमचा न्हाय. तासभर बोलले नाहीत माझ्याशी."

नोव्हेंबरात मूट कोर्ट आलं, म्हणजे वर्गातल्या वर्गात खोटा खटला. त्याचे वीस गुण. सरांनी प्रश्न तयार केला होता आणि तो ऐकताच संयोगिताचे कान टवकारले. एक काल्पनिक सहकारी साखर कारखाना. साल बरंच जुनं. कारखान्यानं केंद्रानं ठरवलेला किमान दर सभासदांना दिला आणि हंगाम संपल्यावर त्याच्यावर आणखी चारशे रुपये टनामागं दिले. कारखाना म्हणतो, ही उसाची किंमत, म्हणजे आमचा खर्च. कर लागणार नाही. आयकर खातं म्हणतं, ही किंमत नव्हे, हा तुम्ही सभासदांत वाटलेला नफा, कर भरा.

"असा वाद खऱ्या कोर्टात होऊन गेलाय, पुढं कायद्यातही दुरुस्त्या झाल्यात," सर म्हणाले. "तुम्ही त्या सालात उभे आहात असं समजून बोलायचं. आता चिठ्ठ्या उचला."

दोघींची मिळून एक चिठ्ठी प्रेरणानं उचलली, उघडली आणि संयोगितापुढं धरली. आयकर खातं.

संयोगिताचं माहेर ऊसवालं, सासर ऊसवालं, आणि तिच्या गाडीतले दहातले सात पॅसेंजर ऊसवाले. "अदलाबदल हुईल का सर?" तिनं विचारलं.

"वकिलाला केस निवडता येते, बाजूची लाज बाळगता येत नाही," सर म्हणाले. "शनिवारी, अकरा वाजता."

हंगाम सुरू झाला होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि मागं एसटी. इस्पुर्लीच्या चढाला गाडी बैलगाडीच्या चालीनं जायची. त्या वेळात संयोगितानं तिकिटं फाडून झाल्यावर मागं वळून सरळ विचारलं, "आबा, एक सांगा. हंगाम संपल्यावर दुसरं बिल येतंय ते कशाचं येतंय?"

ज्ञानू आबा बिद्रीजवळच्या वाडीतले, पंचाहत्तरी ओलांडलेले. दर सोमवारी गुडघ्याच्या औषधाला कोल्हापूरला यायचे आणि पुढच्याच सीटवर बसायचे. "उसाचं," ते म्हणाले. "आणि कशाचं?"

"पण मग पहिल्या बिलात का न्हाय देत?"

"तवा साखर कुठं इकलेली असते? साखर इकली, मळी इकली, हिशेब झाला की कळतंय किती सुटलं. मग देत्यात."

"आणि तोटा झाला तर?"

"तोट्यात कोण देतंय, पोरी? न्हाय देत मग."

संयोगितानं तिकिटाच्या कोऱ्या कागदावर ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. तिची केस आबांनी एका दमात मांडून दिली होती. नफा झाला तर मिळतं, नाही झाला तर नाही. मग ती किंमत कशी?

"हे तू कशापायी लिवतीस?" आबांनी विचारलं. तिनं खरं ते सांगितलं. गाडीत एकच गलका उठला. मागनं कोण म्हणालं, बाईला आयकरवाल्यांनी फोडली. कोण म्हणालं, उद्यापास्नं हिच्या गाडीत बसायचं न्हाय. ड्रायव्हरनं आरशातनं बघत सांगितलं, "बसायचं नसलं तर ट्रॉलीत जागा हाय, पावणं." सगळे हसले. आबा मात्र खिडकीतनं बाहेर बघत म्हणाले, "लिव लिव. खोटं न्हाय बोललो मी."

मग चिमणाबाई बोलल्या. चिमणाबाई दारची भाजी घेऊन शहरात विकायला जायच्या. त्यांचा वीस गुंठे ऊस होता. "ताई, सभासद सभासद काय करायल्यासा? मी कुठं सभासद हाय? माझ्या नावावर शेअर न्हाय. दिवाळीची सवलतीची साखर मला मिळत न्हाय, सभेला मला कोण बोलवत न्हाय. पण उसाला दर मात्र मला बी आबाएवढाच मिळतोय. दुसरं बिल बी आलतं गेल्या साली."

संयोगिताचा हात थांबला. पुढचे दोन स्टॉप तिनं तिकिटं काढली, पण डोकं तिथंच अडकलेलं. चिमणाबाईंना नफ्यात वाटा मागायचा हक्कच नाही. मग त्यांना मिळालं ते नफा असूच शकत नाही. ते किंमतच. आणि त्यांना मिळालं तेवढंच आबांना मिळालं. तिची केस इस्पुर्लीत उभी राहिली होती आणि बिद्रीला पोचेस्तोवर लंगडायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रेरणाला हे सांगितलं. प्रेरणा म्हणाली, "ताई, प्रश्नात बिगर-सभासदांचं काही लिहिलेलंच नाही. समोरच्या पोरांना सुचायचं नाही. आपण कशाला काढायचं?"

"आपण न्हाय काढायचं. पण कोण विचारलं तर?"

"तर म्हणायचं, तशी माहिती प्रश्नात नाही."

"ते खरं हाय," संयोगिता म्हणाली. "पण मी त्या बाईला रोज बघतो. मला माहीत न्हाय असं मला म्हणता यायचं न्हाय. उत्तर तयार ठेवू या. काढलं न्हाय कुणी तर खिशातच राहू दे."

दोघींनी तीन सकाळी त्या उत्तरावर घालवल्या. पहिलं उत्तर फारच शरणागतीचं झालं. दुसऱ्यात प्रेरणानं इतका इंग्रजी मसाला घातला की संयोगितालाच ते वाचताना ठसका लागला. तिसरं जमलं.

शनिवारी तिनं ड्यूटी बदलून घेतली. पांढरी साडी सासूबाईंची, काळा कोट प्रेरणाच्या मावसबहिणीचा. बाह्या दोन बोटं लांब. उदयसिंह सुट्टी काढून मागच्या बाकावर येऊन बसला होता. ऐकायला येतो असं त्यानं सांगितलंही नव्हतं. न्यायाधीश म्हणून कर न्यायाधिकरणातून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या होत्या, केस पूर्ण पांढरे, आवाज एकदम खणखणीत.

कारखान्याच्या बाजूनं सीएवाली मुलं आधी बोलली. चांगली बोलली. ऊस हा कच्चा माल, कच्च्या मालाची किंमत हा खर्च, आणि किमान दर म्हणजे कमाल दर नव्हे. प्रेरणानं त्यांचे दोन मुद्दे कलमं दाखवून खोडले. मग संयोगिता उठली. पहिली दोन मिनिटं ती टेबलावरचा कागद बघूनच बोलली. मग तिनं समोरच्या टेबलाकडं बघायचं सोडलं आणि न्यायाधीशबाईंकडं बघितलं, जसं ती तिकीट नाही म्हणणाऱ्या पॅसेंजरकडं बघायची तसं.

"दर कधी ठरला, एवढंच आपण बघावं," ती म्हणाली. "ऊस आत आला तेव्हा नाही. गाळप झालं तेव्हा नाही. साखर विकून, हिशेब करून, किती उरलं ते कळल्यावर ठरला. उरलं नसतं तर हे चारशे रुपये आले नसते. जे उरलं तरच मिळतं, त्याला किंमत म्हणत नाहीत. त्याला वाटणी म्हणतात."

न्यायाधीशबाईंनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "समजा, सभासद नसलेल्या शेतकऱ्यांनाही त्याच दरानं पैसे दिले असतील तर?"

प्रेरणानं टेबलाखालून संयोगिताच्या पायावर पाय ठेवला. सांगू नको की सांग, ते काही तिला कळलं नाही.

"तर माझी बाजू तिथं लंगडी पडते, हे मी मान्य करतो," संयोगिता म्हणाली आणि जीभ चावली. "करते."

"करतो म्हणा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "माझं बालपण इथल्याच मंगळवार पेठेत गेलंय. पुढं बोला."

"सभासद नसलेल्या बाईचा नफ्यावर हक्क नाही. म्हणजे तिला दिलं ती किंमतच. आणि तीच रक्कम सभासदाला दिली, तर ती सगळीच्या सगळी नफा होती असं मला म्हणता येणार नाही."

"मग खातं केस सोडतंय?"

"नाही. सगळीच किंमत, हे समोरच्यांचं म्हणणं बरोबर नाही, आणि सगळाच नफा, हे आमच्या अधिकाऱ्याचं म्हणणंही बरोबर नाही. दर ठरवताना कारखान्यानं कागद केला असेल. तो मागवावा. त्यात उसापोटी किती धरलं आणि उरलेल्या पैशातनं किती घातलं, ते निवडून काढावं. उसाचं ते सोडावं. उरलेल्यातनं दिलं तेवढ्यावर कर घ्यावा. फाइल त्यासाठी खाली अधिकाऱ्याकडं परत पाठवावी, एवढीच माझी विनंती."

मागच्या बाकावर उदयसिंहनं आजूबाजूला बघितलं. त्याला सगळं कळलं नव्हतं, पण वर्गात कुणी हलत नव्हतं हे त्याला दिसत होतं.

निकाल सांगताना न्यायाधीशबाई म्हणाल्या की कारखान्याच्या बाजूची मांडणी जास्त नीट होती, कलमं पाठ होती, वेळ पाळली, त्यांना सतरा. खात्याच्या बाजूला सोळा. "पण या बाईंनी जो आदेश मागितला," त्या पुढं म्हणाल्या, "तो मी असते तर दिला असता." हिरेमठ सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते चौघांनाही ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली. उदयसिंहनं सगळ्यांचे पैसे दिले आणि प्रेरणाला विचारलं, "एका मार्कानं हरलासा, मग एवढं हसताय कशापायी?" प्रेरणा म्हणाली, "काका, ते सांगायला आख्खं सेमिस्टर लागंल."

सोमवारी ज्ञानू आबा पुढच्या सीटवर बसायच्या आधीच म्हणाले, "बोल. कोण जिकलं?"

"अर्धं तुमचं, अर्धं सरकारचं."

आबा गुडघा धरत सीटवर बसले. "अर्धं म्हंजे बरंच की," ते म्हणाले. "आमच्या भावकीत कधी एवढं न्हाय मिळालं."

चिमणाबाईंना तिनं सांगितलं की तुमच्यावरच केस फिरली. त्या भाजीची बुट्टी सावरत म्हणाल्या, "माझं नाव सांगितलासा कोर्टात?"

"नाव न्हाय सांगितलं. सभासद नसलेली बाई असं म्हटलं."

"मग कुणाला काय कळणार मी ती." त्या जराशा नाराज झाल्या, आणि बिद्रीला उतरताना म्हणाल्या, "पुढच्या बारीला नाव सांगा. मला काय भ्या हाय?"

डिसेंबरात परीक्षा झाली. कॉर्पोरेट करआकारणीच्या पेपरात पिशवीवाला प्रश्न आला, अर्थात पिशवी न घालता. संयोगितानं मराठीतून साडेतीन पानं लिहिली. फेब्रुवारीत निकाल लागला. प्रेरणाला एकाहत्तर, संयोगिताला सदुसष्ट. घसाऱ्याचं गणित चुकलं होतं, नाहीतर सत्तर झाले असते, असं ती आठवडाभर सगळ्यांना सांगत राहिली.

निकालाच्या दिवशी हिरेमठ सरांनी तिला थांबवलं. "तुमची साप्ताहिक सुट्टी कधी?"

"बुधवारी."

"माझं ऑफिस लक्ष्मीपुरीत. बुधवारी येत जा. नोकरी आहे तोवर वकिलीची सनद घेता यायची नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण वाचायला सनद लागत नाही. छोट्या कंपन्यांच्या फायली आहेत. मालक कंपनीचा पैसा आणि स्वतःचा पैसा यात गोंधळ घालून ठेवतात. तुम्ही तो निवडून काढाल असं वाटतं."

घरी तिनं उदयसिंहला विचारलं. तो म्हणाला, "बुधवारी मटणाचा बेत असतो तेवढा रविवारी कर." मग थोडं थांबून, "आणि नोकरी कधी सोडायची ते आपण दोघं बसून ठरवू. पोरीची बारावी झाल्यावर. घाई न्हाय." तिनं मान डोलावली. तिलाही घाई नव्हती. गारगोटी मार्ग तिला आवडायचा, आणि कंपन्या, सरांनी सांगितल्याप्रमाणं, लवकर मरत नव्हत्या.

बुधवारी लक्ष्मीपुरीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर तिला एक खुर्ची मिळाली, खिडकीजवळची. पहिल्या महिन्यात तिनं तीन फायली वाचल्या. तिसऱ्या फाइलमध्ये एका मालकानं कंपनीच्या खर्चात घातलेला मुलाच्या लग्नाचा मंडप तिला सापडला, 'व्यवसाय प्रोत्साहन' या नावाखाली. सरांनी मालकाला बोलावून नीट समजावलं आणि विवरणपत्र भरायच्या आधीच तो आकडा काढून टाकला. मालक जाताना संयोगिताला हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुमच्या नजरेला मानलं." ती म्हणाली, "मंडप मोठा होता, साहेब. दिसणारच की."

एप्रिल उजाडला, नवा कायदा लागू झाला. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी गाडी कळंब्याच्या पुढं गेलेली, ट्रॉल्या आता नव्हत्या, रस्ता मोकळा. तिकिटं काढून झाली होती आणि तिचा मोबाइल वाजला. हिरेमठ सर.

"पोवारबाई, ते भागधारकाच्या कर्जाचं कलम नव्या कायद्यात कुठं गेलं? तुम्ही जुन्या-नव्या दोन्ही नंबरांची वही केलीय ना?"

"केलीय सर. पण वही मागच्या सीटवरच्या पिशवीत हाय, आणि आता इस्पुर्ली यायली. गर्दी चढणार."

"अर्जंट आहे हो."

"गारगोटीत पोचलो की सांगतो," ती म्हणाली, आणि फोन खिशात टाकून दारापाशी गेली.